सहस्रचंद्रदर्शन कसं करावं: मंडपवाल्याच्या वहीतून

माझा धंदा मंडपाचा. कराडला गोडाऊन आहे. लग्न, बारसं, वास्तुशांत, उद्घाटन, दहावा, सत्कार, सगळीकडे माझे बांबू आणि माझ्या खुर्च्या जातात. अठ्ठावीस वर्षं झाली. सत्कारात वक्ता लोकांकडे बघतो, लोक मोबाइलकडे बघतात, फोटोवाला पाहुण्यांकडे बघतो. सत्कारमूर्तीकडे बघायला सवड असते ती जनरेटरपाशी उभ्या असलेल्या माझ्यासारख्याला.

एकदा एका निवृत्त गुरुजींचा सत्कार होता. वेळ पाचची, पाहुणे आले सव्वासातला. गुरुजी साडेचारपासून लग्नातल्या त्या लाल मखमली खुर्चीत बसलेले, गळ्यात हार, डोक्याला फेटा. नऊ वाजले तरी भाषणं चालूच. माइकची वायर सरळ करायला मी स्टेजवर गेलो तर गुरुजी माझ्याकडे टक लावून बघत होते. खाली पाहिलं तर धोतर ओलं. मी हातातली पाण्याची बाटली त्यांच्या मांडीवर सांडली आणि मोठ्यानं म्हणालो, "चुकलं गुरुजी, धक्का लागला." आयोजकांनी मला लोकांदेखत झापलं. गुरुजींनी फक्त माझं मनगट दाबलं.

पुढे आमच्याच शाळेतल्या बाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाची, म्हणजे आयुष्यातल्या हजार पौर्णिमा भरल्याच्या सोहळ्याची, वेळ आली तेव्हा मी ठरवलं की यात मंडपवाल्याचं ऐकलं जाईल. वही घातली. त्या वहीतलं इथं देतोय. तुमच्या गावात असं कुणी असेल, आयुष्यभर शाळेत शिकवलेलं आणि निवृत्तीनंतरही लोकांच्या कामाला धावणारं, तर उपयोगी पडेल.

आधी विचारा

आमच्या बाई जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षिका. पाटण तालुक्यात सुरुवात, मधे काही वर्षं माण तालुक्यात बदली, मग परत पाटण. मी तिसरी-चौथीला त्यांच्या हाताखाली होतो, १९७८ ते ८०. हल्ली सगळ्यांना 'सरप्राइज' द्यायची हौस असते. ऐंशीच्या माणसाला सरप्राइज देऊ नका. आम्ही चौघं जण घरी गेलो आणि सरळ विचारलं. बाई म्हणाल्या, "माझं तेरावं जिवंतपणीच घालताय का रे?"

पहिला नकार येतोच. तो गृहीत धरून जायचं, चहा घ्यायचा, उठायचं आणि आठवड्यानं परत जायचं. दुसऱ्या खेपेला आम्ही सत्काराचं बोललोच नाही. शाळेच्या पुस्तकांच्या कपाटाचं बोललो. कपाट होतं, आत पुस्तकं नव्हती. तुमच्या वजनाइतकी पुस्तकं शाळेला द्यायची आहेत, म्हणालो. बाई थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग अटी सांगू लागल्या, म्हणजे होकार आला. फ्लेक्स लावायचा नाही. मिरवणूक नाही. वर्गणीसाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. आणि साडेसातला मला घरी पोचवायचं.

अटी कागदावर लिहून घ्या. पुढे समितीत कुणी ना कुणी "एक छोटासा फ्लेक्स तरी" म्हणतोच. तेव्हा तो कागद काढायचा.

तारखेचा घोळ

बाईंच्या सेवापुस्तकात जन्मतारीख १ जून १९४४. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला आहे! शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजानं वर्ष धरायचे आणि जूनची एक तारीख टाकून मोकळे व्हायचे. नोकरीला, पेन्शनला ती तारीख ठीक. बाई त्याच हिशेबानं ३१ मे २००२ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. पण चंद्र मोजायला ती चालत नाही.

खरी तारीख घरातल्या आठवणीत असते, फक्त ती तारखेच्या भाषेत नसते. बाईंची आई सांगायची, "पत्री सरकारची धामधूम होती, आणि तू आषाढी पुनवेच्या आदल्या दिवशी झालीस." साताऱ्यात पत्री सरकार १९४३ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात उभं राहिलं. बाईंचा थोरला भाऊ चव्वेचाळीसचं वर्ष ठामपणे सांगत होता. जुन्या पंचांगात त्या वर्षीची आषाढी पौर्णिमा ६ जुलैला. म्हणजे बाई ५ जुलैच्या.

आता गणित. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस, साधारण ८० वर्षं १० महिने. पंचांगाच्या बाजूनंही जुळतं: ८० वर्षांचे ९६० महिने, दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येणारे अधिक मास मिळवले की नव्वदएक कमी हजार... नाही, चुकलो, दहाएक कमी हजार होतात. उरलेल्या दहा महिन्यांत हजार भरतात. (बाई हे वाचतील तर कान धरतील.) लोक ढोबळमानानं 'एक्याऐंशीला' म्हणतात ते यामुळे. बाईंची पहिली पौर्णिमा जन्माच्या दुसऱ्याच दिवशीची, त्यामुळे त्यांची हजारावी थोडी अलीकडे आली. ती निघाली १२ एप्रिल २०२५, शनिवार, चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती. सकाळी गावात मारुतीचा जन्मोत्सव असल्यानं मुंबई-पुण्याची पोरं आपसूक गावी येणार होती. हे काही आम्ही जुळवलं नव्हतं.

एक व्यवहाराची गोष्ट. चंद्र दाखवायचा असेल तर आठवडाभर आधीपासून त्या जागी संध्याकाळी उभं राहून बघा. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते. आमच्याकडे पूर्वेला डोंगर आहे, तिथं चंद्र वर यायला चांगला अर्धा-पाऊण तास जादा लागतो.

माहिती गोळा करणं

यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. आम्ही दोन महिने दिले, तरी कमी पडले.

जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून "बाई कशा होत्या?" असं विचारू नका. "फार प्रेमळ होत्या, पण शिस्तीच्या होत्या" एवढंच उत्तर येतं, पंचवीस जणांकडून पंचवीस वेळा. त्याऐवजी विचारा: बाईंनी तुम्हाला कधी मारलं का? तुमच्या घरी कधी आल्या होत्या का, कशासाठी? बाईंकडून आणलेली एखादी वस्तू तुमच्याकडे अजून आहे का? मग माणसं बोलायला लागतात. एकजण म्हणाला, बाई आमच्या घरी आल्या त्या बहिणीचं लग्न मोडायला. बहीण तेव्हा तेरा वर्षांची. आज ती अंगणवाडी सेविका आहे.

दुसरं, ऐकलेली गोष्ट बाईंकडून तपासून घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा बाईंच्या नोकरीचं चौथं वर्ष होतं. शाळेची भिंत बसली. गावात अशी गोष्ट सांगतात की बाईंनी चौथ्या दिवशी जांभळीला फळा टांगून शाळा भरवली. आम्ही हे मानपत्रात घेतलं आणि बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "फळा कुठला? फळा गाडला गेला होता. ते एका पडलेल्या घराचं दार होतं. त्यावर कोळशानं लिहिलं. आणि शिकवलं काहीच नाही, नुसती हजेरी घेतली. कोण आहे आणि कोण नाही ते कळायला पाहिजे होतं ना."

आमच्या फळ्यापेक्षा ते दार कितीतरी खरं होतं. तपासलं नसतं तर आम्ही फळाच छापला असता.

१९७२ च्या दुष्काळात बाई माणला होत्या. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की सुकडीची (दुष्काळात वाटायच्या पौष्टिक पिठाची) पोती शाळेत उतरायची, आणि आमच्या बाई पोत्याचं तोंड उघडताना दोन पोरांना साक्षीला उभं करायच्या, बंद करतानाही. कुणी मागितलेलं नव्हतं. निवृत्तीनंतरचं काम तर आमच्या डोळ्यांसमोरचं: निराधार बायकांचे पेन्शनचे अर्ज, मोतीबिंदूच्या शिबिराला म्हाताऱ्यांना घेऊन जाणं, संध्याकाळी ओसरीवर पोरांचा अभ्यास. पण नेमका आकडा कुणालाच माहीत नव्हता. बाईंच्या पिशवीत दोनशे पानी वही निघाली. त्यात २००३ पासून प्रत्येक अर्जाची नोंद: नाव, गाव, कधी दिला, कधी मंजूर झाला. ४१२ अर्ज. मंजूर ३६७. बाकीच्यांपुढे कारण लिहिलेलं.

तुमच्या सत्कारमूर्तीकडेही अशी वही असणार. कपाटात, गादीखाली, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. विचारा.

मानपत्र

पहिला मसुदा गावातल्या एका प्राध्यापकांनी करून दिला. 'ज्ञानदानाचे पवित्र कार्य', 'समईसारखे शांत तेवणारे व्यक्तिमत्त्व', 'सोन्याला सुगंध'. मी अठ्ठावीस वर्षं खांबाला टेकून हीच वाक्यं ऐकतोय. मी शिकलेला माणूस नाही, पण मला एक युक्ती सुचली. प्रत्येक वाक्यातलं बाईंचं नाव काढून तिथं दुसऱ्या कुणाचंही घालायचं. वाक्य तसंच चाललं तर खोडायचं. दीड पानाच्या मसुद्यात चार ओळी उरल्या. प्राध्यापक रागावले, मग हसले, मग त्यांनीच नवं लिहिलं. त्यातला एक तुकडा:

"भूकंपानंतर चौथ्या दिवशी तुम्ही पडक्या दारावर कोळशाने आमची नावे लिहिलीत. सुकडीचे पोते साक्षीदार ठेवून उघडलेत. ४१२ जणांचे अर्ज लिहिलेत आणि नाकारलेल्या ४५ जणांची कारणेही जपून ठेवलीत."

अडीचशे शब्दांच्या वर जाऊ नका. वाचायला तीन मिनिटं लागतात, तेवढीच ऐकली जातात. अक्षर मोठं ठेवा, चश्मा न शोधता घरी वाचता आलं पाहिजे. आणि ते जाडजूड काचेचं किंवा ॲक्रिलिकचं नको. बाईंच्या घरी मागच्या सत्कारांची तशी सहा आहेत, दाराला अडसर म्हणून एक वापरात आहे. आम्ही साध्या जाड कागदावर छापून लाकडी चौकटीत बसवलं. १,८०० रुपये.

पैशाचं एकदाच सांगून टाकतो. एकाकडून जास्तीत जास्त ३०० रुपये, कमीत कमी कितीही. जास्त देणाऱ्याला परत केले, कारण पाच हजार देणारा पाच मिनिटं बोलायला मागतो. ५१,७०० जमले. पुस्तकं २४,०००, जेवण १८,०००, साउंड ३,०००, मानपत्र. उरलेले ४,९०० कुठे गेले ते शेवटी सांगतो. मंडप माझा. हिशेबाचा कागद दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर लावला.

खुर्ची, पायरी, पाणी

हे माझं खातं, म्हणून जरा विस्तारानं.

लग्नाची सिंहासन-खुर्ची देऊ नका. ती खोल आणि मऊ असते. म्हातारं माणूस तीत रुततं, पाय लोंबकळतात, उठताना दोघांनी ओढावं लागतं. बाईंची घरातली हातांची लाकडी खुर्ची आणली, पाठीला त्यांचीच उशी. पाय जमिनीला पुरे टेकले पाहिजेत आणि हातावर जोर देऊन एकट्यानं उठता आलं पाहिजे. बसवून, उठवून, आधी करून बघा.

स्टेज बांधलंच नाही. मंडपवाला असून सांगतोय. तीन पायऱ्या चढणं-उतरणं हे त्या वयात सगळ्यात धोक्याचं, त्यातून वर जाजम टाकलेलं, खाली फळी डुगडुगते. शाळेच्या पटांगणात वडाखाली बाईंची खुर्ची ठेवली, समोर अर्धगोलात सतरंज्या, मागे खुर्च्या. सगळ्यांना दिसत होतं. स्टेज हवंच असेल तर सहा इंच उंच करा आणि पायरीऐवजी उतार द्या.

स्पीकरचे खोके सत्कारमूर्तीच्या मागे कधीच नकोत. कानात मशीन असेल तर शिट्टी वाजते, माणूस हैराण होतं, आणि लोकांना वाटतं गहिवरून आलंय. साउंडवाल्याला आदल्या दिवशी घरी नेऊन मशीन दाखवा.

संडास. हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. समारंभाच्या दिवशी म्हातारी माणसं दुपारपासून पाणी पीत नाहीत, मधेच जावं लागेल या भीतीनं. एप्रिलच्या उन्हात हे घातक आहे. आम्ही शाळेच्या खोलीत कमोडची खुर्ची ठेवली, बादली, मग, टॉवेल, आत लाइट. बाईंची भाची कायम त्यांच्या मागच्या खुर्चीवर. आणि हे बाईंना दुपारीच दाखवून ठेवलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंस." आणि तांब्याभर पाणी प्यायल्या.

हार आणि पाया पडणं यांचं वेगळं बघावं लागतं. दोनशे माणसं एकेक करून वाकली की तास जातो, आणि प्रत्येकजण पाय ओढतो. निशिगंधाच्या जाड हारातून पाणी ठिबकतं, मान भिजते. आम्ही दोन्ही बंद केलं. त्याऐवजी प्रत्येकानं हातात एक पुस्तक घेऊन बाईंच्या समोरून जायचं, नमस्कार करायचा आणि पुस्तक परातीत ठेवायचं. रांग चालती राहिली. पंचवीस मिनिटांत संपली.

तुला

तराजूच्या पारड्यात माणूस बसवू नका. फोटो छान येतो, पण साखळी, झोका आणि ऐंशी वर्षांची कंबर यांचं जमत नाही. बाईंना आठवडाभर आधी भुसारवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर उभं केलं. ४६ किलो. भुसारवाला म्हणाला, "बाई, अर्धं पोतंच भरलं की." समारंभात पुस्तकांचे खोके त्याच काट्यावर चढवले आणि शेवटच्या पुस्तकाला आकडा ४६ वर आला तेव्हा पोरांनी ओरडा केला.

पुस्तकं मात्र लोकांकडून मागवू नका. घरातली जुनी गाइडं आणि फुकट मिळालेली पोथीवजा पुस्तकं येतात. आम्ही शाळेतल्या शिक्षकांकडून यादी घेतली, चौथीपर्यंतच्या पोरांना एकट्यानं वाचता येतील अशी पातळ, चित्रांची, मोठ्या अक्षरांची. नॅशनल बुक ट्रस्टची अशी बरीच स्वस्तात मिळतात. ४६ किलोत साडेतीनशे बसली. जाड पुस्तकं घेतली असती तर वजन शंभरातच भरलं असतं. प्रत्येकावर आतल्या बाजूला शाळेचा शिक्का आधीच मारून घ्या.

औक्षण

एक किलो कणकेत एक्याऐंशी छोटे दिवे होतात. चिमूटभर हळद आणि मीठ घालून कणीक घट्ट भिजवायची, सैल झाली तर दिवे तासाभरात बसतात. फुलवाती आदल्या दिवशीच तुपात भिजवून ठेवा. दोन परातींत मावतात. पेटवताना कनातीच्या आडोशाला. एका वेळी एक्याऐंशी ज्योती म्हणजे चांगली धग असते, परात चेहऱ्याजवळ न्यायची नाही आणि साडी सुती असू द्या.

खरी अडचण दिव्यांची नव्हती. बाई विधवा आहेत, पंच्याण्णव सालापासून. गावातल्या दोन-तीन जणी कुजबुजल्या की हे दांपत्याचं असतं, आणि ओवाळायला पाच सवाष्णी तर पाहिजेतच. मला काय बोलावं कळेना. बाईंच्या कानावर गेलं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं २०२२ च्या मे महिन्यात विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला, तेव्हा बाईंनी त्या बातमीचं कात्रण ग्रामपंचायतीच्या बोर्डावर स्वतः नेऊन चिकटवलं होतं. आता त्यांनी फक्त पाच नावं सांगितली. पाचही जणी त्यांच्या अर्जांच्या वहीतल्या. पहिली परात जिनं धरली तिचे हात इतके थरथरत होते की भाचीनं खालून आधार दिला. तिला बत्तीस वर्षांत कुणी ओवाळायला बोलावलं नव्हतं.

तर यादी सत्कारमूर्तीला करू द्या.

बोलणारे

पाचजण, प्रत्येकी तीन मिनिटं. शाळेची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा टांगलेला आहे, तिसऱ्या मिनिटाला शिपाईमामा टोला द्यायचे. माणसं माइकवरच्या चिठ्ठीला जुमानत नाहीत, घंटेला जुमानतात. पुढारी न बोलावता येतात. आले की पहिल्या रांगेत बसवा, नारळ द्या, नाव घ्या, माइक देऊ नका. आमच्याकडे एकजण आले, दहा मिनिटं वाट बघितली आणि मग खरंच ऐकत बसले.

बाईंना भाषण करायला लावू नका, असं मी सांगितलं होतं. त्यांच्यासाठी आम्ही दुसरंच काढलं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन रजिस्टरमधून आमच्या १९७९ च्या वर्गाची यादी उतरवून घेतली, एकतीस नावं, मोठ्या अक्षरात. बाईंनी हजेरी घ्यायची.

यात एक काळजी घ्यावी लागते. यादीतले किती गेले ते आधी शोधा आणि सत्कारमूर्तीला आधी सांगा, ऐन वेळी नको. आमच्यातले चार गेलेत. ती चार नावं वगळू का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "पटावर आहेत ना? मग घ्यायची."

हजेरी सुरू झाली. पन्नाशी-पंचावन्नची पोटं सुटलेली माणसं सतरंजीवरून उठून "हजर बाई" म्हणत होती. पोरं हसत होती. सातवं नाव आमच्या दत्तूचं. तो मुंबईला गोदीत होता, २०११ ला गेला. बाईंनी नाव घेतलं आणि थांबल्या. घाई केली नाही. मग मागून कुणीतरी म्हणालं, "हजर बाई." दत्तूची मुलगी होती, नालासोपाऱ्याहून आलेली. तिला आम्ही बोलावलं होतं, पण हे सांगितलं नव्हतं. बाईंनी चश्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, कागदावर टिंब केलं आणि पुढचं नाव घेतलं.

चंद्र सात वाजून पाच मिनिटांनी डोंगरावर आला. तोवर पोरं मसालेभाताकडे पळालेली. बाईंनी बघितला, हात जोडले, म्हणाल्या, "झालं हजार. चला आता घरी." सात पंचवीसला त्या दारात होत्या.

शाल नको, मंगळवार द्या

बाईंच्या ट्रंकेत सत्काराच्या एकतीस शाली आहेत. बत्तिसावी द्यायची नाही हे पक्कं होतं. काय द्यायचं ते घरात जाऊन डोळ्यांनी बघा. आम्हाला दिसलं की मोरीत धरायला काही नाही आणि रात्री लाइटचं बटण पलंगापासून लांब आहे. गावातल्या प्लंबरनं दोन स्टीलच्या दांड्या बसवल्या, वायरमननं बटण उशाशी आणलं. दोघंही बाईंचे विद्यार्थी, मजुरी घेतली नाही. सामानाला पैसे समितीतल्या एकानं घातले.

आणि बाईंचं मंगळवारचं काम. दर मंगळवारी त्या एसटीनं तालुक्याला जायच्या, तहसीलच्या पायऱ्यांवर बसून अर्ज लिहून द्यायच्या. गेल्या पावसाळ्यापासून गुडघ्यामुळे जमत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना रुखरुख होती. समारंभाच्या आधीच आम्ही आठजणांची पाळी लावली, दोघं-दोघं, महिन्यातून एक मंगळवार. बाईंनी तीन रविवार ओसरीवर आम्हाला शिकवलं. संजय गांधी निराधार योजनेला आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, विधवा असेल तर पतीच्या मृत्यूचा दाखला, बँकेचं पासबुक. उत्पन्नाची मर्यादा तेव्हा, २०२५ ला, वर्षाला २१,००० रुपये होती. मिळायचे महिन्याला पंधराशे. पासष्टच्या पुढचे असतील तर श्रावणबाळ योजना. आधार बँकेला जोडलेलं आहे का ते अर्जाआधी बघायचं, नाहीतर मंजूर होऊनही पैसे येत नाहीत. नावाचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का ते बोट ठेवून तपासायचं.

उरलेले ४,९०० झेरॉक्सला ठेवलेत. बाईंच्या अर्जांच्या वहीसारखीच नवी वही घातली आहे, पहिल्या पानावर ४१३ असा आकडा टाकून. माझी पाळी दुसऱ्या मंगळवारी. दहाला पोचायचं, दोन पेनं न्यायची, निळीच. कागद पॅडला बांधायला सुतळी न्यायची, तिथं वारा फार असतो. आणि संध्याकाळी घरी जाताना वही बाईंना दाखवायची, नाकारलेल्या अर्जापुढे कारण लिहिलेलं नसेल तर त्या परत पाठवतात.